मागच्या काचेची ऊब

इंग्लंडमध्ये मँचेस्टरला लागून असलेल्या सॅल्फर्डला, बिअर बनवणाऱ्या एका घरात जेम्स जूल जन्मला. १८४०च्या सुमारास, ऐन विशीत असताना, त्याने एक साधा प्रयोग केला. काचेच्या नळीवर तार गुंडाळली, ती पाण्याच्या भांड्यात बुडवली, तारेतून वीज सोडली आणि पाणी किती तापते ते थर्मामीटरने मोजले. त्यातून हाती आलेला नियम आज शाळेच्या पुस्तकात एका ओळीत मावतो. तारेत निर्माण होणारी उष्णता तिच्या रोधाच्या प्रमाणात वाढते आणि करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट.

जुन्या मोटारीच्या मागच्या काचेला डिफॉगर जोडायला घेतला की हा नियम पावलोपावली भेटतो. काचेवरच्या बारीक रेघा तापून धुके उडवतात ते याच नियमाने. डॅशबोर्डमागचा एखादा सैल जोड तापून वायरचे आवरण वितळते तेही याच नियमाने. विजेला दोन्ही सारखेच. रोध कुठे असावा आणि कुठे अजिबात नसावा, हे ठरवणे वायरिंग करणाऱ्याच्या हाती आहे. माझ्या मते सगळे काम याच एका निर्णयात आहे. बाकी सारी हत्यारे आणि सामान त्या निर्णयाच्या सेवेला.

उदाहरणासाठी एमजीबी जीटी ही ब्रिटिश गाडी घेऊ. उघड्या टपाची एमजीबी १९६२मध्ये आली. ऑक्टोबर १९६५मध्ये तिला पक्के छप्पर आणि मागे वर उचलले जाणारे काचेचे दार मिळाले आणि ती जीटी झाली. छपराच्या त्या देखण्या उतारामागे इटलीच्या पिनिनफरिनाचा हात होता. अॅबिंग्डनच्या कारखान्यात १९८०पर्यंत या गाड्या बनल्या. सुरुवातीच्या काळात तापणारी मागची काच हवी असेल तर तिचे जादा पैसे मोजावे लागत. त्यामुळे साध्या काचेच्या अनेक जीटी आजही सांभाळल्या जातात, आणि ही सोय आपल्या हाताने करून घेऊ पाहणारे त्यांचे मालकही बरेच आहेत.

काचेवर दव का धरते

बंद गाडीत बसलेला माणूस श्वासातून आणि त्वचेतून तासाला तीस-चाळीस ग्रॅम पाणी हवेत सोडतो. दोन माणसे, ओले कोट, पायपुसण्यांतला ओलावा एवढे पुरते. हवा दमट होते. हिवाळ्यातल्या ब्रिटनमध्ये बाहेरच्या थंडीने काच गार पडलेली असते. तिला टेकणारी हवा दवबिंदूच्या खाली गेली की वाफेचे थेंब होतात आणि काच दुधाळ दिसू लागते. पुढच्या काचेवर हीटरची गरम हवा येते. मागे कोणी वाली नाही. जीटीची मागची काच तर चांगलीच आडवी कललेली, त्यामुळे आत वर चढणारा ओलावा थेट तिच्यावरच येतो.

हा अनुभव घ्यायला ब्रिटनलाच जावे लागते असे नाही. भर पावसात आंबोलीचा घाट चढताना काचा वर केल्या की पावसाने गार झालेली मागची काच अशीच आंधळी होते. मागे बसलेल्याने फडक्याने पुसली तरी दोन वळणांत ती पुन्हा धुरकटते. पुसून पाणी जाते, काचेचा गारवा तसाच राहतो. उपाय गारव्यावर करायला हवा. काच दवबिंदूपेक्षा थोडी वर ठेवली, तरी पुरे.

किती उष्णता लागेल, याचा अंदाज घेऊ. समजा काच सहा किलोची आहे आणि तिचे तापमान १० अंशांनी वाढवायचे आहे. त्याला साधारण ५० हजार ज्यूल लागतात. काचेवर १० ग्रॅम पाणी धरले असेल तर ते उडवायला आणखी २५ हजार. ज्यूल हे एकक त्याच जूलच्या नावाने. काचेच्या रेघा १४४ वॅट देत असतील, म्हणजे सेकंदाला १४४ ज्यूल, तर पाऊण लाख ज्यूलला नऊएक मिनिटे लागतील. काही उष्णता बाहेरच्या वाऱ्यात जाईल, ती वेगळी. काच लख्ख व्हायला काही मिनिटे का लागतात आणि आधुनिक गाड्यांत डिफॉगरला दहा-पंधरा मिनिटांचा टायमर का असतो, ते या हिशोबावरून कळते.

चांदीच्या रेघा

तापणाऱ्या काचेवरच्या तपकिरी रेघा म्हणजे चिकटवलेल्या तारा नव्हेत. चांदीची पूड आणि काचेची भुकटी मिसळलेली लुकणी जाळीतून काचेवर छापतात. टफन्ड करण्यासाठी काच भट्टीत तापते तेव्हा छपाईही तिच्या अंगाशी कायमची एकजीव होते. रेघांच्या दोन्ही टोकांना रुंद पट्ट्या असतात. एका पट्टीला वीज येते, दुसरीला अर्थ मिळतो.

या पट्ट्यांमुळे सगळ्या रेघा एकमेकींना समांतर जोडल्या जातात. जुन्या दिवाळीच्या माळेत एक दिवा गेला की अख्खी माळ विझायची, कारण तिथे वीज एका दिव्यातून दुसऱ्यात जायची. इथे तसे नाही. समजा १२ रेघा आहेत आणि प्रत्येकीचा रोध १२ ओहम आहे. १२ व्होल्टला प्रत्येक रेघ १ अँपिअर घेते. सगळ्या मिळून १२ अँपिअर, १४४ वॅट, आणि एकत्रित रोध अवघा १ ओहम. एक रेघ तुटली तरी उरलेल्या अकरा आपले काम करतात.

हा १ ओहमचा आकडा लक्षात ठेवावा. वाटेतले सगळे रोध याच्याशी ताडून पाहायचे आहेत.

टफन्ड काच नंतर कापता येत नाही, तिला भोक पाडता येत नाही. कडेला घाव बसला की तिचे क्षणात दाणे होतात. म्हणून मापाची तयार तापणारी काच मिळवणे हा राजमार्ग. जुनी काचच ठेवायची असेल तर आतून चिकटवायच्या पट्ट्या मिळतात. काच कुठलीही असो, वायरिंग सारखेच.

करंटचा ताळेबंद

वायरला हात लावण्याआधी गाडीची ऐपत पाहावी. १९६७च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीमध्ये लुकास कंपनीचा डायनॅमो होता. तो भरात असताना २२ अँपिअर देई, आणि इंजिन संथ चालू असताना जवळजवळ काहीच नाही. आता पावसाळी रात्र डोळ्यांसमोर आणा. हेडलाइटच्या खालच्या झोताला साडेसात अँपिअर, बारीक दिव्यांना अडीच, इग्निशन कॉइलला साडेतीन, वायपरला तीन, हीटरच्या पंख्याला चार. बेरीज वीसच्या पुढे जाते. त्यात काचेचे १२ घातले की बत्तीस. जमा बावीस, खर्च बत्तीस. वरचे दहा अँपिअर बॅटरीतून जाणार आणि घर येईतो ती थकणार.

१९६७च्या अखेरीस आलेल्या सुधारित गाडीत अल्टरनेटर आला. त्याची क्षमता ३४ अँपिअर. काचेचा भार आता कसाबसा मावतो. म्हणूनच डायनॅमोची गाडी असेल तर आधी दोन गोष्टींपैकी एक ठरवावी. अल्टरनेटर बसवायचा, किंवा डायनॅमो तसाच ठेवून काच थोडा वेळच, इंजिनाला वेग असताना वापरायची. दोन्ही मार्ग प्रामाणिक आहेत. हिशोब न करता स्विच लावणे मात्र गाडीवर अन्याय आहे.

याच सुमारास आणखी एक बदल झाला. तोवर बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असे, नंतर ऋण टोक जोडले जाऊ लागले. काचेच्या रेघांना याचे सोयरसुतक नाही, वीज कुठूनही आली तरी त्या तापतात. पण इलेक्ट्रॉनिक टायमर, डायोड असलेला रिले किंवा एलईडीचा सूचक दिवा उलटा जोडला तर चालत नाही, क्वचित जळतोही. आपल्या गाडीचे कुठले टोक अर्थला आहे, हे बॅटरीवर स्वतः पाहून घ्यावे. मधल्या काळात एखाद्या मालकाने ते बदललेलेही असू शकते.

रिलेचे टप्पे

डॅशबोर्डवर बसवायचा जुन्या धाटणीचा छोटा स्विच १२ अँपिअर तासन्‌तास वाहायला बनवलेला नसतो. शिवाय काचेचा सगळा करंट आधी पुढे डॅशबोर्डपर्यंत न्यायचा आणि मग पुन्हा मागे आणायचा, म्हणजे वायरची लांबी वाढवायची. लांबी म्हणजे रोध. म्हणून रिले.

रिले हा शब्द तारायंत्राच्या आधी घोड्यांचा होता. लांबच्या प्रवासात ठरलेल्या टप्प्यावर दमलेले घोडे सोडायचे आणि ताज्या दमाचे जुंपायचे. तारायंत्रातही तसेच झाले. दुरून आलेला क्षीण करंट एका विद्युतचुंबकाला जागे करी आणि तो चुंबक पुढच्या टप्प्याच्या ताज्या बॅटरीचे मंडळ जोडून देई. मोटारीतला रिले याच वंशातला. त्याच्या वेटोळ्याला जेमतेम पाव अँपिअर पुरतो. तेवढ्यावर तो आतले जाड संपर्क जोडतो आणि त्यांतून बारा-पंधरा अँपिअर सहज वाहतात.

साध्या रिलेच्या चार टोकांवर आकडे छापलेले असतात. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची टोके, ३०वर बॅटरीकडून येणारी वीज, ८७वरून काचेकडे जाणारी. स्विचची बारीक वायर ८६ला द्यायची आणि ८५ अर्थला.

स्विचला वीज कुठून द्यायची? इथे लुकासच्या रंगांची भाषा कामी येते. तपकिरी वायर म्हणजे बॅटरीकडून थेट, फ्यूजशिवाय. जांभळी म्हणजे कायम जिवंत, पण फ्यूजमधून. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी चावीनंतर आणि फ्यूजमधूनही. काळी अर्थ. रंगावर दुसऱ्या रंगाची रेघ असेल तर ती मूळ घराण्याची पुढची शाखा. ही भाषा अवगत झाली की साठ वर्षांपूर्वी अॅबिंग्डनमध्ये गाडी जोडणारा कामगार काय सांगू पाहत होता ते वाचता येते, आणि या गाड्यांवर काम करण्याचा मोठा आनंद हाच आहे.

स्विचला हिरव्या वायरमधून वीज द्यावी. म्हणजे चावी काढली की रिले सुटतो आणि काच आपोआप बंद होते. जांभळीवरून दिली आणि रात्री स्विच चालू राहिला, तर ६० अँपिअर-तासांची भरलेली बॅटरी १२ अँपिअरच्या हिशोबाने पाच तासांत रिकामी होईल.

वायर, फ्यूज आणि वाट

रिले कुठे ठेवायचा याचे उत्तर जीटीच्या रचनेतच आहे. तिच्या बॅटऱ्या बॉनेटखाली नाहीत, पुढच्या आसनांच्या मागे जमिनीखाली आहेत. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथे ६ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडलेल्या असत, नंतर १२ व्होल्टची एक आली. म्हणजे विजेचे मूळ मागच्या काचेपासून जवळच आहे. रिलेही मागेच, कोरड्या जागी बसवावा. पुढून मागे येईल ती फक्त पाव अँपिअरची बारीक वायर.

हे न करता डॅशबोर्डमधून १ चौरस मिलिमीटरची वायर पाच मीटर मागे ओढली तर काय होईल? तांब्याच्या अशा वायरचा रोध मीटरला सुमारे ०.०१७ ओहम, पाच मीटरला ०.०८६. १२ अँपिअरला त्यात १ व्होल्ट मुरतो आणि जवळपास १२ वॅट उष्णता गालिच्याखाली निर्माण होते. शिवाय ब्रिटिश कोष्टकात या जाडीच्या जुन्या पीव्हीसी वायरची मर्यादा ८.७५ अँपिअर आहे. तीच वायर ३ चौरस मिलिमीटरची, म्हणजे ०.३ मिलिमीटरच्या ४४ धाग्यांची घेतली, तर मर्यादा २७.५ अँपिअर आणि व्होल्टेजची तूट तिसऱ्या हिश्श्यावर येते.

तूट लहान वाटते, पण काचेची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. १२ऐवजी १०.५ व्होल्ट पोचले तर १४४ वॅटचे ११० होतात. दीड व्होल्टने जवळजवळ चौथा हिस्सा ऊब गेली. हरवलेली ऊब वाटेतल्या वायरींना आणि जोडांना मिळाली.

फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच असावा. फ्यूज वायरचे रक्षण करतो, काचेचे नव्हे. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा कुठे घासून बॉडीला टेकला, तर त्याला वाचवणारे कोणीच नसते. आकड्यांचा क्रम असा हवा: भारापेक्षा फ्यूज मोठा, फ्यूजपेक्षा वायर मोठी. इंजिन चालू असताना व्होल्टेज साडेतेरापर्यंत जाते, तेव्हा काच साडेतेरा अँपिअर घेईल. फ्यूज २० अँपिअरचा, वायर साडेसत्तावीसची. क्रम बरोबर बसला.

फ्यूजबाबत एक सापळा आहे. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर ३५ असे छापलेले असते. तो आकडा फ्यूज वितळण्याचा. सतत वाहण्याची त्याची क्षमता १७ अँपिअर. आधुनिक पात्याच्या फ्यूजवर छापतात तो सतत वाहण्याचा आकडा. ३५च्या जागी आजचा ३५चा फ्यूज बसवला तर जुन्या वायरचे संरक्षण निम्म्यावर येते. आकडा तोच, अर्थ वेगळा.

आता वाट. काम सुरू करताना आधी बॅटरीचे अर्थचे टोक सोडावे. जीटीची मागची काच दारात बसवलेली आहे, म्हणजे वायरींना बिजागरीपाशी दर वेळी वाकावे लागते. तिथे पुष्कळ बारीक धाग्यांची लवचीक वायर घ्यावी, थोडी ढील ठेवावी आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट बसवावे. दारालाच अर्थ देऊन मोकळे होण्याचा मोह होतो. पण मग परतीचा सगळा करंट बिजागऱ्यांतून जाणार, आणि तिथे रंग आहे, ग्रीस आहे, गंज आहे. काळी वायर वेगळी ओढून बॉडीपर्यंत आणावी. जिथे ती बसवायची तिथला रंग चकचकीत पत्रा दिसेपर्यंत खरवडावा, थिंबल घट्ट आवळावे आणि वरून ग्रीस लावावे. अर्थसाठी डिकीच्या तळाला मात्र भोक पाडू नये. या गाडीची पेट्रोलची टाकी नेमकी त्या पत्र्याखाली आहे.

अर्थचा जोड खराब राहिला तर काय होते? समजा त्यात अवघा ०.१ ओहम रोध शिरला. करंट अकरा अँपिअरच्या जवळ येतो आणि नखाएवढ्या त्या जागेत सुमारे १२ वॅट उष्णता साठते. लहान सोल्डरिंग आयर्नची ताकद साधारण एवढीच असते. जुन्या गाड्यांमधले काळे पडलेले कनेक्टर आणि मेणासारखी ओघळलेली आवरणे अशाच जोडांची असतात. म्हणून थिंबल पकडीने नुसते चेपून चालत नाही. योग्य क्रिम्पिंगचे हत्यार वापरावे आणि ओढून पाहावे.

परीक्षा

सगळे जोडून झाले की इंजिन चालू करावे, काच चालू करावी आणि मल्टिमीटर घ्यावा. करंट वाहत असतानाच मोजणे महत्त्वाचे. करंट नसताना सडका जोडही पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. एक टोक बॅटरीच्या जिवंत खांबाला, दुसरे काचेच्या जिवंत पट्टीला लावले की त्या बाजूची सगळी तूट दिसते. तसेच दुसरी पट्टी आणि बॅटरीचा अर्थ यांच्यामध्ये. दोन्हींची बेरीज अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर काम उत्तम. जास्त असेल तर एकेका जोडावर मीटर लावत जावे. चोर सापडतो.

मग काचेकडे वळावे. मीटरच्या टोकाला अॅल्युमिनियमच्या फॉइलची बोंडी गुंडाळावी, म्हणजे चांदी ओरखडत नाही. दुसरे टोक अर्थला. धड रेघेवर मीटर जिवंत बाजूकडून अर्थकडे सरकवला की आकडा सावकाश उतरत जातो आणि मध्यावर निम्मा असतो. तुटलेल्या रेघेवर तो पूर्ण व्होल्टेजला अडून राहतो आणि एका ठिकाणी एकदम शून्यावर येतो. भेग तिथेच. चांदी मिसळलेल्या रंगाचा एक ठिपका देऊन ती सांधता येते. पुढे काच साफ करताना फडके रेघांच्या दिशेनेच फिरवावे आणि पाते कधीही लावू नये.

हीच पद्धत मुंबई-पुण्यात जिवापाड जपलेल्या प्रीमियर पद्मिनीला किंवा अँबॅसेडरलाही लागू पडते. वायरींचे रंग आणि बॅटरीची जागा बदलेल. ओहम, अँपिअर आणि व्होल्ट बदलणार नाहीत.

शेवटची परीक्षा मात्र मीटरची नाही, तळहाताची आहे. काच दहा मिनिटे चालू ठेवावी. धुक्यात आधी रेघांच्या जागी स्वच्छ पट्टे उमटतील, मग ते रुंदावून एकमेकांना मिळतील. ते पाहत उभे न राहता फ्यूजला हात लावावा, वायरला, प्रत्येक कनेक्टरला, अर्थच्या थिंबलला. हे सगळे गार लागायला हवे. रिले तेवढा किंचित कोमट, कारण त्याच्या वेटोळ्यालाही थोडा रोध आहे. मग काचेवर तळवा टेकवावा. गाडीच्या त्या अख्ख्या वाटेत ऊब तिथेच लागली, तर जूलचा नियम आपण जिथे सांगितला तिथेच काम करतो आहे.